जहाजावरचे पाहुणे मिशन कंपाउंडात: नव्यानं जबाबदारी घेणाऱ्यांसाठी

विदर्भाला समुद्र नाही, तरी क्रूझ जहाजावरचे पाहुणे इथपर्यंत येतात. कुणाचे पणजोबा वऱ्हाडात मिशनरी होते. कुणी तरुणपणी इथल्या मिशन दवाखान्यात नर्स म्हणून काही महिने काढलेले असतात. कुणाच्या गावातल्या चर्चनं एके काळी आपल्या शाळेचं छप्पर बांधून दिलेलं असतं. निवृत्तीनंतर ही मंडळी जहाजाचं तिकीट काढतात, नकाशात मुंबई दिसते आणि मग पत्र येतं: दोन दिवस तुमच्याकडे आलो तर चालेल का?

ते पत्र तुमच्या हातात पडलं असेल आणि चर्चच्या मंडळीनं किंवा संस्थेनं "आता हे तू बघ" म्हणून सांगितलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. एक गोष्ट मी पहिल्यापासून शेवटपर्यंत धरून चालते. दौरा आखताना आधी कंपाउंडात, म्हणजे मिशनच्या दवाखाना-वसतिगृहाच्या आवारात, राहणाऱ्या माणसांचा विचार करायचा, मग पाहुण्यांचा. वॉर्डातला पेशंट, वसतिगृहातली पोरं, स्वयंपाकघरातल्या मावशी यांचा दिवस पाहुण्यांसाठी मोडायचा नाही. चालू दिवसात पाहुण्यांना सामावून घ्यायचं. असा दौरा पाहुण्यांनाही जास्त आवडतो, कारण ठरवून केलेले कार्यक्रम त्यांनी जहाजावर भरपूर पाहिलेले असतात.

पहिलं काम: जहाजाचं वेळापत्रक मागवा

होकार कळवण्याआधी जहाजाचं पूर्ण वेळापत्रक मागवा. मुंबईत कधी लागतं, कधी सुटतं, पुढचं बंदर कोणतं. भारतातला क्रूझचा मोसम साधारण थंडीतला असतो आणि मुंबईत जहाजं बॅलार्ड पिअरच्या टर्मिनलवर लागतात. बरीच जहाजं तिथं एक-दोन दिवसच थांबतात. तेवढ्यात अमरावती किंवा यवतमाळ करून परत जाणं कागदावर जमतं, प्रत्यक्षात जमवू नये.

ज्यांचा प्रवास मुंबईत सुरू होतो किंवा संपतो, त्यांना बोलावणं सगळ्यांत सोपं. ते जहाजावर चढण्याआधी किंवा उतरल्यानंतर येऊ शकतात आणि घड्याळाची धास्ती नसते. मधल्या प्रवासात उतरणाऱ्यांसाठी दुसरा मार्ग आहे: मुंबईला उतरायचं, आपल्याकडे यायचं आणि जहाज कोचीला पोचेल तेव्हा विमानानं तिथं गाठायचं. त्यासाठी त्यांनी जहाज कंपनीला आधी कळवून परवानगी घेतलेली हवी. ती घेतली आहे का, हे स्पष्ट विचारा.

जहाज कुणासाठी थांबत नाही. शिडी सुटण्याच्या वेळेआधीच वर घेतात, आणि मागे राहिलेल्यानं स्वतःच्या खर्चानं पुढचं बंदर गाठायचं असतं. शिवाय जहाजावरचं घड्याळ आणि आपलं घड्याळ जुळेलच असं नाही. म्हणून सगळ्या वेळा भारतीय वेळेत लिहून घ्या आणि पाहुण्यांकडून तपासून घ्या. बंदरातल्या एजंटचा फोन नंबर जहाजावर मिळतो. तो तुमच्याकडे आणि ड्रायव्हरकडे दोघांकडे असू द्या.

परतीचा माझा नियम कडक आहे. जहाज सुटण्याच्या आदल्या रात्री पाहुणा बंदराच्या शहरात पोचलेला हवा. नागपूर-मुंबई विमान दीड तासाचं असलं तरी गावातून नागपूर गाठायला तीन-चार तास लागतात. अमरावतीजवळ बेलोऱ्याचं विमानतळ एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून पश्चिम विदर्भाची सोय झाली, पण तिथून उड्डाणं मोजकी आहेत, तेव्हा त्या दिवशी विमान आहे की नाही ते पाहूनच ठरवा. समृद्धी महामार्ग २०२५ च्या जूनपासून मुंबईच्या दारापर्यंत पूर्ण खुला झाला. तरी सत्तरीतल्या माणसाला सातशे किलोमीटर गाडीत बसवू नका. रेल्वे हवी असेल तर संध्याकाळी निघून सकाळी मुंबईला पोचणारी विदर्भ एक्सप्रेस आहे, अमरावतीहूनही तशीच गाडी आहे. वरचा बर्थ मिळाला तर म्हाताऱ्या माणसाची पंचाईत होते, म्हणून तिकीट लवकर काढायला सांगा.

व्हिसा आणि पोलीस स्टेशन

पासपोर्टची आणि व्हिसाची प्रत महिनाभर आधी मागवा. ३० दिवसांच्या ई-टूरिस्ट व्हिसावर दोनदाच देशात येता येतं. जहाज मुंबईहून कोलंबोला जाऊन कोचीला येणार असेल तर दोन्ही वेळा तिथंच संपतात. पाहुण्यांनी याचा हिशोब केला आहे का ते विचारा. काही जहाजांवर प्रवाशांचे पासपोर्ट कार्यालयात जमा असतात. आपल्याकडे येताना मूळ पासपोर्ट सोबत हवा, प्रत चालत नाही.

परदेशी माणूस आपल्याकडे मुक्कामाला आला की चोवीस तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते. सगळे त्याला 'सी फॉर्म' म्हणतात. हॉटेल असो, मिशनचा गेस्ट रूम असो की कुणाचं घर, नियम सगळ्यांना आहे. २०२५ मध्ये परदेशी नागरिकांबद्दलचा नवा कायदा आला, म्हणून फॉर्मचं आजचं स्वरूप जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयात जाऊन एकदा समजून घ्या. पोर्टलवर संस्थेचं खातं आधी उघडावं लागतं आणि त्याला मंजुरी मिळायला वेळ लागतो. पाहुणा दारात उभा असताना हे काम होत नाही. पाहुणा गेल्यावर त्याच्या जाण्याचीही नोंद करा.

गावच्या पोलीस पाटलांना आणि ठाण्याला स्वतः भेटून सांगा: कोण येणार, किती दिवस, कुठं कुठं जाणार. हे मी कायद्याच्या भीतीनं सांगत नाही. गोरी माणसं चर्चमध्ये आली की गावात चर्चा होते, आणि तुमच्या तोंडून बातमी आधी पोचली तर निम्मी कुजबूज तिथंच मिटते. सरपंचांना चहाला बोलवा, पाहुण्यांशी भेट घालून द्या. मिशन गावाच्या बाहेर वसलेलं असलं तरी ते गावाचंच आहे, हे गावालाही दिसायला हवं.

आता सगळ्यांत नाजूक मुद्दा. भारतात कुठल्याही पर्यटक व्हिसावर धर्मप्रचार करता येत नाही. देवळात, चर्चमध्ये जाणं आणि तिथली उपासना ऐकणं याला आडकाठी नाही. पण प्रवचन करणं, धार्मिक भाषण देणं, पत्रकं वाटणं याला मनाई आहे. पाहुणे हे जाणत नाहीत. त्यांच्या देशात पाहुण्यानं चर्चमध्ये चार शब्द बोलणं ही साधी रीत असते आणि बॅगेत दोन-चार पुस्तिका असतातच. म्हणून पहिल्याच पत्रात प्रेमानं पण साफ लिहा: उपासनेत तुम्ही आमच्याबरोबर बसाल, प्रवचन आमचे पाळकच करतील, वाटायला काही आणू नका. पाळकांनाही हे आधी सांगा, नाहीतर आग्रहाखातर ते स्वतःच पाहुण्यांना पुलपिटवर (प्रवचनाच्या जागी) बोलावतील.

आणखी एक. जहाजावर आणि बोटींवर फिरणाऱ्या काही लोकांकडे सॅटेलाइट फोन असतो. भारतात परवानगीशिवाय तो बाळगता येत नाही आणि विमानतळावर त्यावरून अटक होऊ शकते. ड्रोनचंही तसंच, जंगलाच्या भागात तर अजिबात नको.

पैशाचं

पाहुण्यांचं मन भरून येतं आणि निघताना ते पाकीट पुढे करतात. ते पाकीट घ्यायचं नाही. परदेशी नागरिकानं संस्थेला दिलेली देणगी रुपयांत असली, रोख असली, दानपेटीत टाकलेली असली तरी ती परदेशी देणगीच ठरते. २०१० चा एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचं नियमन करणारा कायदा, तिला लागू होतो. संस्थेची नोंदणी चालू असेल तरच ती घेता येते, आणि तीही दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावी लागते. ज्यांची नोंदणी नाही किंवा नूतनीकरण अडकलं आहे, त्यांनी नम्रपणे नाही म्हणायचं. एका पाकिटापायी दवाखान्याची वर्षानुवर्षांची नोंदणी धोक्यात घालणं परवडत नाही. रविवारी दानाची पिशवी फिरते तेव्हा पाहुण्यांच्या शेजारी बसणाऱ्यानं हे त्यांना हळूच समजावलेलं असावं.

मुक्कामाचा आणि जेवणाचा खर्च वेगळा. तो ठरवा, सांगा आणि पावती द्या. फुकट ठेवलं की पाहुण्यांना देणगीची घाई होते. ड्रायव्हरला किंवा मावशींना कुणी हातात बक्षिसी दिली तर ती त्यांची, संस्थेनं मध्ये पडू नये.

जुने कपडे, खेळणी, औषधं यांनी भरलेल्या बॅगा आणू नका, हेही आधी कळवा. संस्थेसाठी आणलेल्या वस्तूंनाही देणगीचेच नियम लागतात, आणि मुदत संपत आलेली औषधं आपल्या फार्मसीला डोकेदुखी होतात.

खोली, पाणी, वीज

पाहुणे बहुधा पासष्टीच्या पुढचे असतात. जुन्या मिशन बंगल्याची उंच पायरी त्यांना अवघड जाते, म्हणून शक्य तिथं खालची खोली द्या. कमोड हवा, त्याच्याजवळ भिंतीला धरायला दांडी हवी, रात्री व्हरांड्यात दिवा हवा. आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही. काही पाहुणे झोपताना श्वासाचं मशीन लावतात, काहींचं इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. हे पत्रातच विचारा आणि त्या खोलीला इन्व्हर्टर जोडा. डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगलाच गारठा पडतो, मेळघाटाच्या पायथ्याशी तर जास्तच. 'भारत म्हणजे उकाडा' असं समजून आलेल्यांना गोधडी लागतेच. मार्चनंतर मात्र पाहुणे घेऊच नका. आपल्या उन्हाची त्यांना कल्पना नसते.

जहाजावर कधी कधी उलट्या-जुलाबांची साथ पसरते. नोरोव्हायरस नावाचा विषाणू त्याला बऱ्याचदा कारण असतो आणि सॅनिटायझरनं तो नीट जात नाही. साबण-पाण्यानं हात धुवावे लागतात. म्हणून आल्या आल्या पाणी द्यायच्या आधी साबण आणि टॉवेल द्या. गेल्या दोन-तीन दिवसांत कुणाचं पोट बिघडलं होतं का, हे न लाजता विचारा. तसा पाहुणा वॉर्डात जाणार नाही, स्वयंपाकघरातही नाही. आपल्या पेशंटचा जीव त्याच्या सहलीपेक्षा मोठा आहे.

जेवण

"त्यायले तिखट चालते का जी?" हा मावशींचा पहिला प्रश्न असतो आणि तो बरोबर आहे. सावजी रस्सा पहिल्याच रात्री वाढू नका. पण म्हणून ब्रेड-जॅम आणि नूडल्सही नकोत. वडाभात, कढी, ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, वांग्याचं भरीत हे सगळं कमी तिखटात उत्तम होतं, आणि ठेचा बाजूला ठेवता येतो. मोसमात हुरडा, बोरं, संत्री असतात. झाडावरून संत्रं तोडून सोलून खाणं ही त्यांच्यासाठी मोठी गोष्ट असते.

एका बाबतीत मात्र हयगय नको. शेंगदाण्याची ॲलर्जी परदेशात पुष्कळ दिसते आणि ती जिवावर बेतू शकते. आपल्या भाजीत कूट, चटणीत दाणे, कढईत शेंगदाण्याचं तेल. मावशींना ॲलर्जी म्हणजे काय हे नीट सांगा, "थोडं घातलं तर काय होते" असं मनात राहायला नको. अशा पाहुण्यासाठी भांडीसुद्धा वेगळी ठेवा. पिण्याचं पाणी उकळलेलं किंवा सीलबंद, फळं सोलायची, कच्ची कोशिंबीर नको.

वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. जहाजावरून भेट म्हणून वाइनची बाटली आणण्याची पाहुण्यांना सवय असते. तिकडे जाणार असाल तर हेही आधीच कळवा.

वॉर्ड, वसतिगृह आणि फोटो

विदर्भात मिशनच्या कामाचा मोठा भाग दवाखान्यांत आहे. वाशिमचं रेनॉल्ड्स मेमोरियल, परतवाड्याजवळ कोठाऱ्याचं कुष्ठरोग रुग्णालय, यवतमाळ जिल्ह्यात उमरी. पाहुण्यांना हेच पाहायचं असतं आणि इथंच सगळ्यांत जास्त सांभाळावं लागतं.

एका वेळी तीन-चार जणच आत न्या. सकाळच्या राउंडच्या आणि ड्रेसिंगच्या वेळी नको. दुपारचं जेवण झालं की पेशंट निवांत असतात, बोलायचा मूड असतो. आत जाण्याआधी सिस्टरनं पेशंटना विचारलेलं असावं: पाहुणे येताहेत, तुम्हाला चालेल का? ज्यांना नको त्यांच्या खाटेकडे जायचं नाही. ज्यांना चालतं त्यांची ओळख नावानं करून द्या. 'हा कुष्ठरोगी' असं नको. 'हे अमुक काका, हे चांदूरबाजारचे, शेती करतात, पायाच्या जखमेसाठी आलेत' असं सांगा. मग काकांनाही पाहुण्यांना काही विचारू द्या. ते विचारतात, आणि चांगले प्रश्न विचारतात: तुमच्याकडे कापसाला काय भाव, पोरं सोबत राहतात का. दुभाषा हवा तो दोन्हीकडचं बोलणं सांगणारा. कंपाउंडातली कॉलेजात जाणारी पोरं हे काम सुरेख करतात.

कुष्ठरोगाबद्दल पाहुण्यांच्या मनात जुनी भीती असते. आत नेण्याआधी दहा मिनिटं बसवून सांगा. १९८० च्या दशकापासून बहुऔषधोपचार आला, रोग पूर्ण बरा होतो आणि औषध सुरू झालं की पेशंटपासून संसर्गाचा धोका लवकरच संपतो. हात मिळवायला हरकत नाही. कोठाऱ्याचं काम जिच्याशी जोडलेलं आहे ती लेप्रसी मिशन १८७४ मध्ये सुरू झाली. तेव्हा या रोगावर खात्रीचं औषधच नव्हतं, हे सांगितलं की आजच्या वॉर्डाकडे पाहुणे वेगळ्या नजरेनं पाहतात.

फोटोचा नियम: वॉर्डात कॅमेरा बंद. पेशंटनं स्वतःहून "काढा जी फोटो" म्हटलं तर काढावा, त्याला दाखवावा, आणि तो इंटरनेटवर टाकणार असाल तर तसं वेगळं विचारावं. वसतिगृहातल्या मुलांचे चेहरे तर नाहीच. संगोपनाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करायला २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं मनाई आहे. कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. आपल्या पोरांचा उदास चेहरा कुणाच्या तरी पडद्यावर गरिबीचं चित्र म्हणून फिरू नये.

स्वागतासाठी मुलांना उन्हात रांगेत उभं करू नका, शाळा बुडवून नाच बसवू नका. संध्याकाळी खेळाच्या वेळी पाहुण्यांना मैदानावर न्या. कबड्डीचे नियम एखाद्या सातवीतल्या मुलीनं त्यांना समजावून सांगितले तर दोघांची गट्टी जमते. मुलांबरोबर पाहुण्यानं एकट्यानं राहायचं नाही, वॉर्डन किंवा शिक्षक सोबत हवेतच. हा नियम सर्वांना, बिशप असले तरी.

कबरी आणि रजिस्टरं

पूर्वजांच्या शोधात आलेल्यांसाठी हा भेटीचा गाभा असतो आणि याची तयारी आपण कमी करतो. नाव, साल आणि जमलं तर जुना फोटो आधी मागवा. मग बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाची रजिस्टरं काढून पानं शोधून ठेवा. ती पाहुण्यांच्या हाती देऊ नका. कागद ठिसूळ झालेला असतो. तुम्ही पान उलटा, त्यांना फोटो काढू द्या. मात्र तेवढ्याच नोंदीचा, कारण शेजारच्या ओळीत इथल्याच कुणाच्या तरी आजीचं नाव असतं.

दफनभूमीतलं गवत आणि रायमुनिया (घाणेरीची झुडपं) पंधरा दिवस आधी काढून घ्या. साप असतात, म्हणून हे काम पाहुण्यांच्या उत्साहावर सोडू नका. कबरीच्या दगडाला चुना किंवा ऑइलपेंट लावू नका, अक्षरं बुजतात. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे, तारेचा ब्रश नको.

पाहुण्यांना तिथं आपलीही माणसं दाखवा. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मिशननं आसरा दिलेली अनाथ मुलं पुढे इथंच शिक्षक, कंपाउंडर, बायबल वुमन (बायकांना बायबल शिकवणाऱ्या स्त्रिया) झाली. त्यांच्या कबरी बहुतेक साध्या असतात, कधी नुसता दगड. पणजोबांच्या संगमरवरी क्रूसासमोर पाहुणे उभे राहतात तेव्हा, त्या पणजोबांना मराठी शिकवणारा, त्यांच्याबरोबर गावोगाव फिरणारा माणूस शेजारीच झोपला आहे, हे कुणीतरी सांगायला हवं. ते तुम्ही सांगा.

इतिहास सांगताना नागपूरचे स्टीफन हिस्लॉप जरूर सांगा. १८४५ मध्ये ते नागपूरला आले, शाळा काढली, दगड आणि जीवाश्म गोळा केले, गोंड लोकांबद्दल टिपणं लिहिली आणि १८६३ मध्ये बोरीजवळ पुराच्या पाण्यात बुडून गेले. हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. बाकी जे ऐकीव आहे ते ऐकीव म्हणूनच सांगा. पाहुणे सगळं लिहून नेतात.

रविवार आणि फिरणं

रविवार मध्ये येत असेल तर चांगलं. उपासना नेहमीसारखीच मराठीत, पेटी-तबल्यावर. पाहुण्यांसाठी इंग्रजी गाणी बसवू नका. वचनाचा संदर्भ कागदावर लिहून द्या, ते त्यांच्या बायबलात काढून बसतात. उपासनेनंतर व्हरांड्यात चहा आणि गप्पा, हारतुरे एकदाच आणि थोडक्यात.

वेळ उरला तर वर्ध्याजवळ सेवाग्राम दाखवा. १९३६ मध्ये गांधीजी तिथं राहायला आले, बापूकुटी अजून तशीच साधी आहे. वाघ पाहायचा असेल तर ताडोबा मंगळवारी बंद असतं आणि सफारीला मूळ पासपोर्ट लागतो. दोन दिवसांच्या मुक्कामात सफारी कोंबू नका, दोन्ही अर्धवट राहतात.

निघताना

आदल्या संध्याकाळी गाडी, ड्रायव्हरचा नंबर आणि डिझेल तपासा. पासपोर्ट, औषधं, चार्जर, फ्रिजमधलं इन्सुलिन यांची यादी वाचून दाखवा. विमानतळापर्यंत आपलं एक माणूस सोबत जाऊ द्या. ते जहाजावर चढल्याचा निरोप येईपर्यंत फोन जवळ ठेवा.

मग दुसऱ्या दिवशी कंपाउंडातल्या लोकांना एकत्र बसवा: सिस्टर, वॉर्डन, मावशी, चौकीदार. कुणाला काय जड गेलं, कुठल्या पेशंटला अवघडल्यासारखं झालं, हे त्यांना विचारा आणि वहीत लिहून ठेवा. पाहुण्यांनी फोटो पाठवले की ज्यांचे आहेत त्यांच्या हाती छापून द्या. पुढचं पत्र आलं की आधी ती वही उघडा, मग उत्तर लिहा.